नाल्यापलीकडचं गवताचं वावर

बाई, तुमच्या वावरात पेरणी झाली. कोजागिरी होऊन गेल्यावर लगेच. वर हलकं पाणीही दिलं. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, म्हणून आधी हेच सांगते. बाकीचं मागून.

आपलं बोलणं नेहमी असंच चालायचं. आधी गाईंचं, मग वावराचं, मग घरातल्या माणसांचं. स्वतःचं सांगायची पाळी येईपर्यंत कोणीतरी चहा मागायचं. आपण दोघी जावा इतकी वर्षं एका घरात राहिलो, तर लोकांना वाटायचं, यांचं एकतर फार गूळपीठ असेल नाहीतर फार भांडण. तसं काहीच नव्हतं. आपण कामापुरत्या बोलायचो. काम कधी संपायचं नाही, त्यामुळे बोलणं पुष्कळ व्हायचं, इतकंच.

ते वावर तुमच्या हिश्शाचं. नाल्यापलीकडे, घरापासून लांब. थोरले भाऊजी होते तोवर तिथे ज्वारी व्हायची. ते गेले आणि पुढच्या पावसाळ्यात तिकडे नांगर घेऊन कोणी गेलं नाही. तुमच्या दिरांचे, म्हणजे आमच्या यांचे, दोन्ही हात संत्र्याच्या बागेत अडकलेले, तुमची लेक वर्षा तेव्हा शाळेत, आणि माझ्या कडेवर पोरगा. वावर पडीत राहिलं. मग त्यात गवत माजलं. एके दिवशी तुम्ही विळा घेऊन निघालात. मी विचारलं, कुठं चालल्या, तर म्हणालात, "जे आलं ते कापाचं." तेव्हापासून ते गवताचं वावर झालं. दर दिवाळीच्या सुमाराला गवत कापणीला यायचं आणि कुसळं झडायच्या आत आटपावं लागायचं. तुम्ही सकाळीच जायच्या, डोक्यावर भारा घेऊन दुपारी यायच्या, लुगड्याच्या काठात कुसळं टोचलेली असायची. गाईंच्या कोठ्यामागे गंजी उभी राहिली की त्या दिवशी तुम्ही नीट जेवायच्या.

पुढे बाग वाळत गेली आणि गाई वाढत गेल्या. दुधाची गाडी दारात यायला लागली. ते वाळलं गवत गाई खायच्या, पण संक्रांत उलटली की दूध कमी व्हायचं. जनावरांचे डॉक्टर दरवेळी तेच सांगायचे, हिरवं काहीतरी पेरा, पोट भरतंय पण अंगी लागत नाही. मी माहेरी गेले तेव्हा भावाच्या मळ्यात लसूण घास पाहिला. गुडघ्याएवढा, हिरवागार, कापला की पुन्हा वाढणारा. आल्या आल्या तुम्हाला सांगितलं. तुम्ही कोठ्यात शेण भरत होता.

"बाई, एकदा पेरला की दोन-तीन वर्सं नुसतं कापत राहाचं. गाई अशा खातेत की खाली काडी ठेवत नाही."

"लसून खाऊन दुधाले वास नाही येत काय वं?"

"लसूण नाही तो. नुसतं नाव हाय."

"मंग तसं नाव काहून ठेवलं?"

तुम्ही टोपलं उचललं आणि तो विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी मी पुन्हा काढला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नाल्याच्या काठावर आपली विहीर, पाणी पुरेसं, माती चांगली, एवढं मोठं वावर गवताखाली का ठेवायचं, हे माझं म्हणणं. तुमचं म्हणणं असं काहीच नव्हतं. तुम्ही नुसत्या नाही म्हणायच्या.

घरात सगळ्यांना वाटायचं, थोरल्या भाऊजींची आठवण म्हणून तुम्ही त्या वावराला हात लावू देत नाही. तुमचे दीर मला सांगायचे, "राहू दे मंदा, वहिनीच्या जिवाले लागते ते." मीही तसंच धरून चालले होते. एकदा न राहवून तुम्हाला म्हटलं, की भाऊजींची आठवण आहे हे मला कळतं. तुम्ही हसलात. खरोखर हसलात.

"त्यायचं काय हाय तिथं? ते तं ज्वारी पेरत होते. गवत माह्यं हाय."

मग म्हणालात, "गवताले पाणी लागत नाही, खत लागत नाही, कोनाचं ऐकून घ्या लागत नाही."

सासूबाई होत्या तोवर सासूबाईंचं, मग दिरांचं, मग माझंही थोडंफार, असं तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलेलंच होतं. त्या दिवसानंतर मी बरेच दिवस लसूण घासाचं नाव काढलं नाही.

आणि यंदा होळी झाल्यावर, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता तुम्ही म्हणालात, "मंदा, त्या गजाननच्या ट्रॅक्टरले सांग. गवत मोडून टाकू."

मी विचारलंच नाही की का. विचारलं तर तुमचं मन बदलेल, ही भीती. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मी आधी गजाननला फोन केला.

बाई, जुनं गवत मोडणं हे काम मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही बोलला नाहीत. गजाननने नांगर घातला तेव्हा माती फुटेचना. आधी सतरंजी उचलावी तशी पांढऱ्या मुळ्यांसकट वर यायची आणि मग उलटी पडायची. हरळी वर वर होती, पण कुंद्याचं तण खोल गेलेलं. गजानन म्हणाला, "काकू, रोटावेटर मारून देतो, रवा करून देतो मातीचा," आणि आपण दोघी एकदमच ओरडलो, "नोको!" रोटावेटरने कुंद्याच्या मुळ्यांचे तुकडे होतात आणि तुकडा तुकडा वेगळा उगवतो, हे कोणत्याही कुंदेवाल्या शिवारातल्या बाईला माहीत असतं. गजानन आपल्या दोघींकडे पाहत राहिला. त्या वावरावरून आपलं लगेच एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच.

बाकी सगळा वादच. नांगरटीनंतर ढेकळं उन्हात तापू द्यायची, हे ठरलं. मुळ्या वेचायच्या, हेही ठरलं. पण मी म्हणत होते, पहिल्या पावसानंतर कुंद्याला हिरवे कोंब फुटले की त्यावर एकदा तणनाशक मारू, म्हणजे राहिलेलं मुळापासून जाईल. पेरणी हिवाळ्याच्या तोंडावर, तोवर त्याचा अंशही उरणार नाही. कृषी सहायकानेही तेच सांगितलं होतं.

"त्याच्या घरी गाई हाय काय?" तुम्ही विचारलं.

"गाई असाचा काय संबंध, बाई?"

"जे माह्या गाईच्या तोंडात जानार हाय तिथं मी औषध मारू देनार नाही. हातानं काढू."

"कोनाच्या हातानं? तुमचं वय काय, माह्यं काय?"

"तुह्यं असन वय. मले काय झालं?"

झालं. हाताने काढायचं ठरलं. मी अजून माझ्याच मतावर आहे, हे इथे सांगून ठेवते. एकदा फवारलं असतं तर आता माझी कंबर इतकी दुखली नसती. पण वावर तुमचं होतं.

भर उन्हाळ्यात आपण दोघी भल्या सकाळी जायचो आणि ऊन चढलं की बांधावरच्या बाभळीखाली बसायचो. सोबत ताकाची बरणी. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, हातात खुरपं घेऊन, ढेकूळ फोडायचं, मुळी ओढायची, मागे टाकायची. मुळ्यांचे ढीग वाळले की पेटवून द्यायचे. इतक्या वर्षांत आपण दोघी, घरातलं दुसरं कोणी नसताना, इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. कोठ्यात असलो तर गाई असायच्या, चुलीपाशी असलो तर जेवणारे असायचे.

तिथेच एकदा मी बारावीच्या परीक्षेचा विषय काढला. तुम्हाला आठवत होतं की नाही, तुमच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. माझं लग्न बारावीच्या मध्येच झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, आता कशाची परीक्षा. तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलं की मंदाच्या माहेरी आजारपण आहे, तिला पाठवायला पाहिजे. मी माहेरी जाऊन सगळे पेपर दिले. तोवर माझ्या वाट्याचं पाणी, दळण, शेणगोठा तुम्हीच उरकलं. मी पास झाले, ते सासूबाईंना कधी कळलं की नाही कोण जाणे. आज मी हे लिहिते आहे ते त्यामुळेच.

बाभळीखाली मी म्हटलं, "बाई, तेव्हा तुमी नसत्या तं माह्यं काही झालं नसतं."

तुम्ही ताकाचा पेला पालथा घालत म्हणालात, "चाल, तिकडचा तास राहिला हाय."

आभार मानायची एवढीच संधी मी साधली, आणि तुम्ही ती एवढ्यात संपवली. तरी मला बरं वाटलं होतं. म्हणायचं होतं ते म्हटलं गेलं.

पाऊस सुरू झाला. कुंदा फुटलाच. वखर फिरवला, तो पुन्हा फुटला, पुन्हा वखर. मधल्या उघडिपीत उकिरड्यावरचं कुजलेलं शेणखत बैलगाडीने नेऊन पसरलं. नाल्याकडच्या खोलगट कोपऱ्यावरून आपलं आणखी एकदा वाजलं. माझं म्हणणं, तिथे पाणी साचतं, लसूण घासाच्या मुळांशी पाणी राहिलं की तो सडतो, तो कोपरा तसाच राहू द्या. तुमचं म्हणणं, "मोडाचं तं सगळं मोड. एवढंसं गवत ठेवून काय पूजा कराची हाय?" नांगरटीच्या वेळी मी गजाननला डोळ्याने खुणावून तो कोपरा सोडायला लावला होता. श्रावणात मोठा पाऊस झाला आणि तिथे पाण्याचं डबकं साचलं. तुम्ही बांधावरून पाहिलं. तुझं खरं होतं, असं काही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्या कोपऱ्याच्या कडेने एक चर खणलेला दिसला.

पोळा झाला आणि थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

सकाळचं दूध काढून झालं होतं. तुम्ही बादली खाली ठेवली, खुंट्याला टेकलात आणि म्हणालात, "छाती भरून आल्यासारखी वाटते वं." तुमच्या तोंडून दुखण्याचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं, म्हणून मी लगेच गाडी बोलावली. काटोलपर्यंत तुम्ही बोलत होता. लाल गाय मागच्या पायाने लंगडते, तिचा खूर पाहा, असं सांगितलंत. मग बोलणं थांबलं. नागपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा वर्षा आमच्या आधी येऊन दारात उभी होती. नागपूरजवळच्या बेस्याहून, तिच्या घरून, तशीच निघाली होती, घरातल्या कपड्यांवर. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

गाईच्या खुरात खडा अडकला होता. तो काढला. आता नीट चालते.

तेरवीच्या दिवशी जेवणं आटपल्यावर वर्षा एकटीच नाल्याकडे गेली. मला वाटलं, जाऊ द्यावं, मोकळी होऊन येईल. ती परत आली तेव्हा मी अंगणात भांडी गोळा करत होते. पाहुणे बसलेलेच होते.

"काकू, आईचं गवत कुठं गेलं?"

"मोडलं. उन्हाळ्यात."

"कोणी?"

"आमी दोघींनी. लसूण घास पेराचा हाय."

"मले तिनं सांगितलं नाही." तिचा आवाज चढला. "रोज बोलत होती फोनवर. गाईचं सांगे, पावसाचं सांगे, हे नाही सांगितलं. काकू, घास तुले पाहिजे होता. किती वर्षांपासून तुह्या डोक्यात होतं, मले माहीत नाही काय? आणि तिच्याकडून, या वयात, भर उन्हात मुळ्या वेचून घेतल्या?"

"तुह्या आईकडून कोनी काही करून घेतलं हाय का आजपर्यंत?"

माझाही आवाज चढला. तुमचे दीर मध्ये आले, "मंदा, राहू दे," एवढंच म्हणाले. वर्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली. जाताना माझ्या पाया पडली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही तिला सांगितलं काहून नाही, बाई? हे मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून विचारलं आहे, गाईंना चारा टाकताना विचारलं आहे. तुमच्या लेकीला तुमच्या वावराची गोष्ट तुम्ही सांगायला पाहिजे होती. माझ्या अंगावर का टाकलीत? आणि त्याहून वाईट म्हणजे, तिचं बोलणं माझ्या मनात बसलं. तुम्ही स्वतःहून हो म्हणाला होता, हे खरं. पण इतकी वर्षं मी तेच तेच काढत राहिले, त्याचा कंटाळा येऊन तर तुम्ही हो म्हणाला नसाल? एकदाची गप्प बसेल ही, म्हणून? मुळ्या वेचताना तुमचा चेहरा कसा होता, ते मी आठवून पाहायची. नेहमीसारखाच होता. तुमच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही कळलं नाही.

तुमचे दीर म्हणाले, "वावर आता वर्षाचं. ती सांगत नाही तोवर बी पडनार नाही." मला पटलं. तिला विकायचं असेल, कोणाला मक्त्याने द्यायचं असेल, पुन्हा गवतच वाढू द्यायचं असेल, तर तो तिचा हक्क. पण पाऊस ओसरत आला तसा कुंदा डोकं वर काढायला लागला. पेरायचं नाही म्हटलं तरी उपटायला कोणाची बंदी नव्हती. मी दूध काढून झालं की खुरपं घेऊन जायची. तुमच्या दिरांनी एकदा विचारलं, "आता काहून करून राहिली?" मी म्हटलं, "हात रिकामे राहत नाही म्हणून."

दसरा झाला. एका सकाळी मी वावरात बसलेली असताना बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. वर्षा होती. खांद्याला नोकरीवर, लॅबमध्ये नेते ती पर्स, पायात शहरातल्या चपला, ढेकळांमधून तोल सांभाळत येत होती. आली आणि माझ्याजवळ खालीच बसली. मी खुरपं चालवत राहिले.

मग म्हणाली, "काकू, पावसाळ्यात आई मले फोनवर म्हणाली होती, यंदाच्या दिवाळीले मी रिकामी हावो."

"मंग?"

"मी म्हटलं, मग ये बेस्याले. तं म्हणाली, येतो. मले वाटलं, नेहमीसारखं म्हणून राहिली. दरवर्षी मी बोलावते अन् दरवर्षी गवत कापणीले आलेलं असते. आम्ही तिथं घर घेतलं तेव्हापासून एक दिवाळी ती आली नाही. मागच्या दिवाळीले तं मी चिडून बोलली तिले. म्हटलं, आई, तुले पोरगी मोठी का गवत मोठं?"

"काय म्हणाल्या बाई त्यावर?"

"काहीच नाही. गाय सुटली म्हणाली अन् फोन ठेवला."

मागच्या दिवाळीला ती हे बोलली, आणि होळी झाल्यावर तुम्ही ट्रॅक्टर बोलावायला सांगितलं. आम्ही दोघी तिथे, त्या मोकळ्या मातीत, एकमेकींकडे पाहत बसलो. वर्षा रडली. तेरवीला रडली त्याहून वेगळं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, हाताला माती होती ती तशीच तिच्या ड्रेसला लागली.

"मले वाटलं, तू तिले मोडायला लावलं," ती म्हणाली.

"मलेही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

बाई, खरं काय ते तुम्हालाच माहीत. लेकीच्या बोलण्याने मोडलं की माझ्या, की दोघींच्या, की तुम्हालाच गवताचे भारे वाहायचा वीट आला होता. मला आता ते विचारायचंही नाही. त्या दिवशी एवढं समजलं, की तुम्ही मनात काहीतरी ठरवलं होतं आणि ते दुःखाचं नव्हतं.

वर्षाने समोरचा एक कुंदा धरून ओढला. तो वरच्या वर तुटला.

"असा नाही. खालून खुरपं घाल. मुळी राहिली तं पुन्हा येते."

दुसरा तिने नीट काढला. मग तिसरा. पर्स बांधावर ठेवून, ओढणी डोक्याला गुंडाळून ती दुपारपर्यंत माझ्यासोबत बसली. उठताना विचारलं, "पेरायचं कधी?"

"तू म्हणशील तेव्हा. वावर तुह्यं हाय."

"तसं नोको बोलू. पेरायची वेळ कधी असते ते सांग. मी सुट्टी टाकते."

आणि ती आली. आदल्या दिवशीच आली. बी तुम्ही पाहिलं नव्हतं, मोहरीपेक्षाही बारीक असतं, पिवळसर. आधी मिठाच्या पाण्यात टाकलं, म्हणजे अमरवेलीचं बी त्यात मिसळलेलं असेल तर वर तरंगतं आणि काढून टाकता येतं. मग स्वच्छ धुऊन, गुळाच्या पाण्यात जिवाणूंची पावडर कालवून त्याला चोळली आणि सावलीत पसरलं. वर्षा म्हणाली, हे तर आमच्या लॅबसारखंच आहे. तिफणीने पेरलं तर बी खोल जातं, म्हणून तुमच्या दिरांनी दोरी लावून उथळ रेघा ओढल्या, आम्ही दोघींनी बारीक मातीत बी मिसळून हाताने सोडलं आणि वरून फक्त हलकी माती सारली. जमीन इतकी भुसभुशीत झाली होती की पाय रुतत होता. ती आपल्या उन्हाळ्याची कमाई. वर्षाच्या रेघा वाकड्या आल्या. तुमचे दीर म्हणाले, "गाई काय रेघा पाहून खाईल?" इतक्या दिवसांनी त्या वावरात कोणी हसलं.

नाल्याकडच्या कोपऱ्यातलं गवत आम्ही तसंच ठेवलं आहे. पूजेसाठी नाही. पाणी साचतं म्हणून.

वावराचं काय करायचं, हे मी वर्षाला विचारलं. तिने विकायचं नाही म्हटलं. तिच्या नावावर होईल, कसायचं आम्ही, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी ती येऊन पाहून जाईल. मला तिने एकच अट घातली. "आईच्या जागी यंदा तू दिवाळीले बेस्याले यायचं." मी म्हटलं, यंदा आपल्या घरी दिवाळी नाही. ती म्हणाली, दिवाळी करायची नाही, नुसतं यायचं. मी गाईंचं कारण पुढे केलं, तर तुमचे दीर मागून म्हणाले, "दूध मी काढतो. जाय तू."

म्हणून हे मी बेस्याला बसून लिहिते आहे. वर्षाचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून आणखी इमारतींची कामं चाललेली दिसतात. शेजारच्या बायकांनी फराळाचे डबे आणून दिले, एकेक जण थोडा वेळ बसून गेली. सकाळी तुमच्या दिरांचा फोन आला. घास उगवला आहे, सगळीकडे सारखा, दोन दोन पानांचा. मधेमधे कुंदाही आहे. मी म्हटलं, पाणी जपून सोडा, कुंद्याचं मी आल्यावर पाहते.

इथे एक लहान खोली आहे. त्यात सागाचा पलंग आहे. घर घेतलं त्याच वर्षी वर्षाने तो तुमच्यासाठी नागपूरच्या लकडगंजातून आणला. मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. त्यावर मी झोपले. गादी चांगली आहे, वारा येतो. फक्त उंच फार आहे. बसलं की पाय खाली टेकत नाहीत, आणि उठताना गुडघ्यावर भार येतो. तुम्ही असता तर काही बोलला नसता. चांगला आहे म्हणाला असता, आणि रोज त्या पलंगावरून उतरताना गुडघा धरला असता.

मी वर्षाला चहा घेता घेता सांगितलं, "पलंग उंच हाय वं मले."

ती चटकन उठून पाहायला आली. "मग पाय थोडे कापून घेऊ का काकू? खाली सुतार हाय कामावर."

"कापून घे," मी म्हटलं. "मी येत राहणार हाय."